पिंपळनेरचा पिंगळा

खानदेश म्हटला म्हणजे आम्हां पुण्याकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढें कापूस, केळीं आणि ऊन हीं तीनच उभीं राहतात. परंतु धुळ्याहून साक्रीवरून पश्चिमेस पिंपळनेरकडे जाऊं लागलें, कीं हा समज हळूहळू गळूं लागतो. सपाट काळी जमीन मागें पडते, डोंगर जवळ येतात आणि हवेंत गारवा जाणवूं लागतो. या पश्चिमेच्या डोंगरांतच पांझरा नदी उगम पावते आणि साक्री तालुका व धुळें शहर ओलांडून तापीस जाऊन मिळते. डोंगरापलीकडे एका अंगास नवापूर, दुसऱ्या अंगास गुजराथेंतील डांगचें अरण्य. त्यामुळें पिंपळनेरचा बाजार ही मैदान आणि डोंगर यांच्या भेटीची जागा झाली आहे. एका बाजूनें शेतकरी माल घेऊन येतात, दुसऱ्या बाजूनें कोकणे, भिल्ल व मावची लोक डोक्यावर पाट्या घेऊन उतरतात, आणि मधोमध अहिराणींत घासाघीस चालते. इंग्रजी अमदानींत पिंपळनेर हें तालुक्याचें नांव होतें. पुढें कचेरी साक्रीस गेली आणि गांवाकडे बाजार तेवढा राहिला.

या गांवीं आमच्या आत्याबाईंचें घर आहे. घर जुनें, धाब्याचें, तीन पिढ्या एका चुलीवर जेवणारें. गेल्या पौषांत मी तेथें आठ दिवस राहण्यास गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं पहांटे अजून अंधार असतांनाच अंगणांत कुडमुड्याचा आवाज झाला व कंदिलाचा उजेड दाराशीं येऊन थांबला. पिंगळा जोशी आला होता. पिंगळ्या पक्ष्याची भाषा मला कळते, असें सांगून घरोघर भविष्य बोलणारी ही जात आतां दुर्मिळ होत चालली आहे. आत्याबाईंनीं सुपांतून पसाभर ज्वारी त्याच्या झोळींत घातली. त्यानें घराला आशीर्वाद दिला आणि तो पुढच्या दारीं गेला. तो गेला आणि परसांतल्या चिंचेवरून खरोखरचा पिंगळा ओरडला, ‘चिर्र, चिर्र, चिव्वक्!’

मला मौज वाटली. परंतु स्वयंपाकघरांतून येणारी धाकटी सूनबाई दारांतच थबकली. तिला सातवा महिना होता. शेजारच्या एका बाईनें तिच्या मनांत भरवून दिलें होतें, कीं ज्या घरावर घुबड बोलतें त्या घरीं कांहीं बरें होत नाहीं. चिंचेच्या एका जाड फांदींत मोठी ढोली होती आणि पिंगळ्याचें जोडपें तींत बिऱ्हाड करून राहिलें होतें. आत्याबाई स्वतः अशा गोष्टींस फारशी किंमत देणाऱ्या नव्हत्या. पण सुनेचा जीव घाबरा होतो म्हणून त्यांनीं सोमवारीं फांदी तोडण्यास माणूस सांगितला होता.

या बेताला घरांत विरोध करणारा एकच होता. तो म्हणजे आत्याबाईंचा नववींत शिकणारा नातू. त्यानें मोबाइलवर काढलेलें पक्ष्याचें चित्र माझ्यापुढें धरलें आणि सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत तो म्हणाला, “काका, हा साधा पिंगळा नाहीं, रानपिंगळा आहे! जगांत हजारसुद्धां उरलेले नाहींत. याची फांदी तोडणार म्हणजे काय?”

मी शाळेंत वीस वर्षें प्राणिशास्त्र शिकवलें असल्यामुळें सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. चित्र अंधुक होतें. पण खरें सांगावयाचें तर हा साधाच पिंगळा, हें मला तेव्हांच दिसलें होतें. मात्र मुलाची मुद्रा पाहून माझी जीभ अडखळली. ‘होय’ म्हटलें तर फांदी वांचत होती, पक्षी वांचत होते आणि पोराचा शब्दहि राहत होता. एका अक्षराचें खोटें. त्यानें नुकसान कोणाचें? मी म्हणालों, “रानपिंगळा मीं स्वतः कधीं पाहिलेला नाहीं. शहाद्याकडे जाऊन तो पाहून येतों आणि मग सांगतों. तोंवर फांदीला हात लावूं नका.” आत्याबाईंनीं सोमवारचा मुहूर्त गुरुवारवर ढकलला.

दुसऱ्या दिवशीं आतेभावाची गाडी घेऊन मी निघालों. साक्री ओलांडून छडवेलच्या बाजूस लागलें, कीं माळावर पवनचक्क्यांचे पांढरे खांब उभे दिसतात. मग नंदुरबार, आणि पुढें प्रकाशें. येथें तापीच्या पुलावर क्षणभर थांबल्यावांचून कोणाचाहि पाय पुढें पडत नाहीं. मागें खानदेशचें मैदान, पुढें सातपुड्याची निळी भिंत आणि मध्यें हें रुंद, संथ पात्र. या तापीचेंच नांव पुढें या हकीकतींत एका लबाडीच्या निमित्तानें यावयाचें आहे.

रानपिंगळ्याची कथा या मुलुखाच्या इतिहासाशीं विलक्षण गुंतलेली आहे. १८७२ सालीं ब्लूइट नांवाच्या गृहस्थांस आजच्या छत्तीसगडांतील बसना-फुलझरच्या रानांत एक लहानसें घुबड मिळालें. तें त्यांनीं अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांजकडे पाठविलें. राष्ट्रसभेच्या स्थापनेशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, तेच हे ह्यूमसाहेब. पक्षिशास्त्र हा त्यांचा दुसरा संसार होता आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नांवाचें पक्ष्यांविषयींचें पत्र ते चालवीत. हें घुबड नेहमींच्या पिंगळ्याहून निराळें आहे असें ओळखून १८७३ सालीं त्यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, ब्लूइट यांचें नांव त्यास दिलें आणि त्याच्यासाठीं ‘हेटरोग्लॉक्स’ अशी स्वतंत्र प्रजातिहि मानली.

पुढें खानदेशांत मुलकी खात्यावर असलेले जेम्स डेव्हिडसन यांनीं या भागाचे पक्षी बारकाईनें पाहिले. पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची त्यांची यादी १८८२ सालीं ‘स्ट्रे फेदर्स’मध्यें छापून आली. शहाद्याच्या बाजूस त्यांनीं रानपिंगळ्याचीं कांहीं कातडीं मिळवून ठेवलीं. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणुं जमिनीनें गिळला. संग्रहालयांतील हाताच्या बोटांवर मोजतां येतील एवढीं कातडीं हाच काय तो त्याचा पुरावा उरला. सालिम अलींसारख्या जाणत्यांनींहि त्याचा माग घेतला, पण तो लागला नाहीं. मधूनमधून कोणी ‘पाहिला’ म्हणून सांगत. परंतु शहानिशा केली कीं तो साधा पिंगळा निघे.

शहाद्यास माझ्या ओळखीचे वनखात्यांतील एक गृहस्थ होते. त्यांनीं रीतसर परवानगी काढून ठेवली आणि वाट दाखविण्यास एक पावरा तरुण बरोबर दिला. दुसऱ्या दिवशीं उजाडतांना आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवानांत शिरलों. रान दाट नव्हतें. मधून मधून मोकळवण, मधून शेतें, आणि त्यांच्या कडेनें उंच जुनीं झाडें. सातच्या सुमारास एका फांदीवर एक गोल डोक्याचा पक्षी हलला. मीं दुर्बीण लावली. डोळे पिवळे, अंग तपकिरी आणि पाठीवर ठिपके नाहींत! “हाच तो!” मी पुटपुटलों. पावरा तरुणानें दुर्बीण न घेतांच मान हलविली आणि तो हंसला. त्याचें म्हणणें खरें होतें. तो जंगली पिंगळा होता. वीस वर्षें शिकविणारा मास्तर पहिल्याच परीक्षेंत नापास झाला होता.

माझी चूक कोठें झाली, हें येथें सविस्तर सांगतों. कारण या तिघां भाऊबंदांची ओळख हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिला, आपल्या घराभोंवतालचा ठिपक्यांचा पिंगळा. जुनी चिंच, वड, आंबा, पडका वाडा हें त्याचें ठिकाण. त्याचें डोकें व पाठ पांढऱ्या ठिपक्यांनीं भरलेली असते, जणुं कोणी पीठ शिंपडलें आहे. भुंवया पांढऱ्या आणि मानेभोंवतीं पांढरी पट्टी. पोटावर तपकिरी ठिपक्यांच्या तुटक ओळी असतात. याचा आवाज कर्कश आणि भांडखोर.

दुसरा, जंगली पिंगळा. याच्या अंगावर ठिपके नसून डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघा असतात. लांबून या रेघा एकमेकींत मिसळून जातात व पक्षी एकरंगी भासतो. मी फसलों तो येथें. याचें डोकें चेंडूसारखें गोल आणि तोंडाभोंवतींची तबकडी अस्पष्ट असते. हाहि सकाळ-संध्याकाळ उजेडांत हिंडतो, म्हणून केवळ दिवसा दिसला एवढ्यावरून निर्णय करतां येत नाहीं.

तिसरा, रानपिंगळा. लांबी सुमारें तेवीस सेंटिमीटर, म्हणजे दोघांहून किंचित् मोठा. पण मोठेपणा लांबींत नसून बांध्यांत आहे. डोकें मोठें, चोंच जाड, पाय दणकट आणि पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरीं पिसें. डोक्यावर व पाठीवर गडद राखी-तपकिरी रंग. ठिपके असलेच तर अगदीं पुसट. पंखांवर व शेपटीवर मात्र रुंद, ठळक पांढरे पट्टे. छाती गडद तपकिरी, कुशींवर तपकिरी आडव्या रेघा आणि खालचें पोट स्वच्छ पांढरें. पाठीमागून पाहिल्यास ठिपक्यांचा अभाव आणि समोरून पाहिल्यास गडद छातीखालचें तें पांढरें पोट, या दोन खुणा मनांत ठेवल्या म्हणजे घोटाळा होण्याचें कारण नाहीं.

रानांतल्या गृहस्थांनीं हे धडे मला उभ्या-उभ्या दिले आणि ते संपतात तोंच, नऊच्या सुमारास, पावरा तरुणानें बोट वर केलें. एका जवळजवळ निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, भर उन्हांत, तो बसला होता. पाठ आमच्याकडे होती. तीवर एकहि ठिपका दिसेना. मग त्यानें मान वळविली, शेपटी डावीकडून उजवीकडे झटकली आणि अंग फिरविलें. गडद छाती, पांढरें पोट, पायांत जणुं पांढरे पायमोजे! खालीं गवतांत कांहीं हललें. तो दगडासारखा खालीं आला आणि सरडा घेऊन दुसऱ्या झाडावर गेला. सारा प्रकार तीन-चार मिनिटांचा. पण ज्यासाठीं थोर थोर माणसें वर्षानुवर्षें फिरलीं तें मला सकाळच्या चहापूर्वीं मिळालें, याची मला थोडी लाजच वाटली.

याच भागांत, २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तीन अमेरिकन अभ्यासकांना हा पक्षी एकशें तेरा वर्षांनंतर पुन्हां दिसला. त्या वेळीं शहादें धुळें जिल्ह्यांतच होतें. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो पुढल्या वर्षीं. प्रथम त्यांनीं पूर्वेकडील जुनीं ठिकाणें धुंडाळलीं, तेथें निराशा झाली, आणि मग ते खानदेशांत आले. येथेंच यावें असें त्यांस कां वाटलें, त्याचें उत्तर एका खोट्या चिठ्ठींत आहे.

रिचर्ड माइनर्ट्झहागेन नांवाचे एक इंग्रज लष्करी अधिकारी पक्षिशास्त्रांत मोठे नांवाजलेले होते. त्यांच्या संग्रहांत रानपिंगळ्याचें एक कातडें होतें आणि १९१४ च्या ऑक्टोबरांत गुजराथेंत तापीकांठच्या मांडवी येथें तें मिळविल्याची चिठ्ठी त्यास बांधलेली होती. या चिठ्ठीवर जगानें विश्वास ठेवला. पक्षी १९१४ सालीं मांडवीस होता, असें ग्रंथांत लिहिलें गेलें आणि शोध करणारांची दिशा चुकली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं तें कातडें बारकाईनें तपासलें, तेव्हां त्याची भरणी नंतर बदललेली आढळली आणि मूळ घडण डेव्हिडसनच्या हातची निघाली. म्हणजे शहाद्याकडे मिळालेलें कातडें ब्रिटिश संग्रहालयांतून चोरून, नवी चिठ्ठी बांधून, स्वतःचें म्हणून मिरविलेलें होतें! हें सारें त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. खोटें नांव आणि खोटें गांव बाजूस काढल्यावर डेव्हिडसनचे खरे कागद तेवढे उरले, आणि ते शहाद्याकडे बोट दाखवीत होते.

ही कथा मला पूर्वीं वाचून ठाऊक होती. परंतु त्या झाडाखालीं ती पुन्हां ऐकतांना मला पिंपळनेरचा माझा मनसुबा आठवला आणि अंगावर कांटा आला. नातवाच्या चित्राला मी ‘रानपिंगळा’ म्हणणार होतों! घुबड डोंगरापलीकडील डांगांत, पूर्णा अभयारण्यांत, अलीकडे नोंदलें गेलें आहे. ठाण्याकडील तानसा आणि विदर्भांतील मेळघाट येथेंहि तें आहे. तेव्हां पिंपळनेरची खोटी बातमी कोणाला खोटी वाटलीहि नसती. मुलानें ती चित्रासकट दहा जणांना धाडली असती आणि कोणी भोळा अभ्यासक आमच्या परसांत येऊन आठ दिवस घालविता.

वेगळेपणा ओळखण्याचें हें काम केवळ रानांतलेंच नाहीं. केरळांतील शक्तिकुळंगरा बंदरावर खोल समुद्रांतून येणाऱ्या मासळींत लहान जातीच्या मुशी असतात. कोळ्यांना त्या सगळ्या सारख्याच. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनीं त्यांचे दांत मोजले, मणके मोजले, परांची ठेवण व रंग ताडून पाहिला, आणि जवळच्या दोन-तीन जातींत आजवर मिसळली गेलेली एक मुशी निराळी काढली. २०२५ सालीं तिला ‘स्क्वालस हिमा’ हें नांव मिळालें. अशा मुशी यकृतांतील तेलासाठीं पकडल्या जातात व त्यांची वाढ फार सावकाश होते. चार जातींचा एकच ढीग केला, तर त्यांतील एक संपून गेली तरी ढीग तसाच दिसणार. रानपिंगळ्याचें हेंच झालें. सगळेच पिंगळे म्हटल्यावर एक नाहींसा झाला, हें कोणाच्या ध्यानांत यावें?

एवढें निराळेपण सिद्ध होऊनहि त्यांचें नातें तुटत नाहीं, हें विशेष. २०१८ सालीं आनुवंशिक द्रव्याची तुलना करून अभ्यासकांनीं दाखविलें, कीं रानपिंगळा हा आपल्या ठिपक्यांच्या पिंगळ्याच्याच प्रजातींत मोडतो. ह्यूमसाहेबांनीं मानलेलें निराळें घराणें त्यास नको. म्हणजे जात निराळी, पण गोत्र एक. प्रौढ रानपिंगळे जगांत अडीचशें ते एक हजाराच्या आंत असावेत असा अंदाज आहे. मोकळें सागाचें रान शेतीसाठीं तुटत चाललें आहे आणि घरटें करण्याजोग्या ढोलीचीं जुनीं झाडें पहिल्यानें तोडलीं जातात. जादूटोण्याच्या समजुतीनें घुबडें मारणारे लोक अजून आहेत, तें निराळेंच.

बुधवारीं रात्रीं मी पिंपळनेरास परतलों. जेवणें झाल्यावर सारीं माणसें ओटीवर जमलीं. मीं मुलाला जवळ बसविलें, शहाद्याचीं चित्रें आणि त्याचें चित्र शेजारीं शेजारीं ठेवलीं आणि एकेक खूण त्यालाच शोधावयास लावली. पाठीवर ठिपके? आहेत. मानेवर पांढरी पट्टी? आहे. पोट? ठिपक्यांचें. पायांवर पांढरीं दाट पिसें? नाहींत. मुलाचा चेहरा उतरत गेला. शेवटीं त्यानेंच हळू आवाजांत म्हटलें, “साधाच आहे.” मी म्हणालों, “होय, साधाच आहे. खोटें बोलून मी त्याची फांदी वांचविणार होतों. पण तसें करणें बरें नव्हे. आतां आत्या, खऱ्या कारणावर विचार कर. हें जोडपें रोज रात्रीं तुझ्या कणगीभोंवतींचे उंदीर मारतें. तें हांकललेंस तर मांजर पाळावें लागेल, आणि मांजर दूधहि पितें.”

आत्याबाई बराच वेळ सुपारी कातरीत राहिल्या. मग म्हणाल्या, “नांव मोठें असतें तर ठेवणार होतों, लहान आहे म्हणून हांकलायचा, असें कां? ज्याच्या नांवानें पहांटे येणाऱ्या जोशाला पसा घालतें, त्याचेंच बिऱ्हाड मोडूं?” मग सुनेकडे वळून त्यांनीं आवाज मऊ केला. “अग, तुझा नवरा जन्मला त्या रात्रीं मी याच घरांत होतें. चिंचेवर असाच कोणी ओरडत होता. सहा फूट उंच झाला आहे, पाहतेस ना?” सूनबाई पदराआड हंसली. तिची भीति एका वाक्यानें गेली असें मी म्हणणार नाहीं. पण त्या रात्रीं पिंगळा ओरडला तेव्हां ती दारांतून आंत पळाली नाहीं.

गुरुवारीं माणूस कुऱ्हाड घेऊन आला. त्याच्याकडून परसांतील वाळलेला शेवगा तोडवून घेतला आणि त्याला चहा-भाकरी देऊन वाटेस लावलें. मी निघण्याच्या वेळीं नातू वहींत रकाने आंखीत बसला होता: डोकें, पाठ, मान, पोट, पाय, आवाज, तारीख. वहीच्या पहिल्या ओळींत त्यानें ‘ठिपक्यांचा पिंगळा, दोन, घरची चिंच’ असें लिहिलें होतें. खालच्या ओळी रिकाम्या होत्या.